गाठीचं रक्तकारण

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये १९२०च्या दशकात वॉल्टर के. नावाचा एक तरुण खलाशी दाखल झाला. त्याचं डोकं दुखायचं, नजर मंदावत चालली होती आणि डोक्याच्या मागच्या बाजूला त्याला सतत एक चमत्कारिक आवाज ऐकू यायचा. मेंदूच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा शब्द तेव्हा अखेरचा मानला जाई, त्या हार्वे कुशिंग यांनी त्याची कवटी उघडली. आत, दृष्टीचं काम सांभाळणाऱ्या भागावर, रक्तवाहिन्यांचा भला मोठा गुंता होता. तो काढण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. कवटीच्या हाडात मात्र तिथे एक खिडकी राहिली. त्या जागी स्टेथोस्कोप टेकवला की आतलं रक्त घोंघावताना डॉक्टरांनाही ऐकू येऊ लागलं.

डोळे वापरले की हा आवाज वाढतो, असं वॉल्टरनेच डॉक्टरांच्या कानावर घातलं. जॉन फुल्टन या तरुण डॉक्टरने ते मनावर घेतलं. वॉल्टरला अंधाऱ्या खोलीत बराच वेळ स्वस्थ बसवायचं आणि मग एकदम काहीतरी वाचायला द्यायचं, की आवाज चटकन चढायचा. तंबाखू किंवा व्हॅनिला हुंगायला दिली, लांबच्या घड्याळाची टिकटिक कान देऊन ऐकायला लावली, तर ढिम्म फरक पडत नसे. फुल्टन यांनी १९२८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात हे सगळं प्रसिद्ध केलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त धावतं, याचा जिवंत माणसातला इतका थेट पुरावा त्याआधी क्वचितच कुणाच्या हाती लागला असेल.

असल्या गुंत्यांची गणना त्या काळी गाठींतच व्हायची. कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी त्याच वर्षी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांपासून उद्भवणाऱ्या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ काढला होता. फुल्टन यांचा निबंध आज वाचला जातो तो मेंदूच्या कामकाजाच्या अभ्यासातला एक टप्पा म्हणून. पण कवटीच्या आत जे वाढलंय त्याच्या रक्ताची वर्तणूक बाहेर बसून मोजता येते, हेही त्यात सिद्ध झालं होतं. फक्त कान पुरेसा नव्हता.

मेंदूला रक्ताचा मोठाच वाटा लागतो. शरीराच्या वजनात त्याचा हिस्सा जेमतेम दोन टक्के, पण आपण घेतलेल्या प्राणवायूतला पाचवा भाग तो एकटा वापरतो. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्यातून खेळतं आणि हा पुरवठा काही मिनिटं तुटला तरी पेशी मरू लागतात. अशा ठिकाणी गाठ वाढायला लागली की ती जागेसाठी जशी झगडते तशीच रक्तासाठीही झगडते. रक्ताचा हा हिशेब तपासून गाठ कोणत्या जातीची आहे, ती उपचारांना दाद देतेय का आणि रुग्णाच्या वाट्याला किती काळ आहे याचा अंदाज बांधता येईल का, हा प्रश्न गेली तीसेक वर्षं रेडिओलॉजीत गाजतो आहे. उत्तर ‘हो’ आहे. पण ते ‘हो’ बरंच आडवळणाचं आहे.

सुरुवातीची वाट क्ष-किरणांची. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतल्या धमनीत आयोडिनचं द्रावण सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढला. त्यांचा हेतू मुख्यतः गाठी शोधण्याचाच होता. गाठ स्वतः दिसत नसे. नेहमीच्या वाहिन्या बाजूला ढकलल्या गेलेल्या दिसत, किंवा जिथे काही नसायला हवं तिथे बारीक वाहिन्यांची पुसट लाली उमटे. नोबेल मोनिझ यांना १९४९मध्ये मिळालं, पण या कामासाठी नव्हे. मेंदूचे तंतू छाटण्याच्या लोबोटॉमी या शस्त्रक्रियेसाठी. पुढे बदनाम झालेल्या कामाला पारितोषिक आणि आजही रोज वापरात असलेल्या कामाला नाही, असा हा न्याय. त्यानंतर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. संशय होता मेंदूच्या पुढच्या भागातल्या गाठीचाच. आता गाठ दिसू लागली. तिचं रक्त मात्र अजून झाकलेलंच होतं.

त्याच १९७१ साली, नोव्हेंबरात, बोस्टनमधले सर्जन ज्युडा फोकमन यांचा एक लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी एक गंमत पाहिली होती. शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या सशाच्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सोडल्या तर त्या टाचणीच्या टोपीएवढ्या वाढायच्या आणि थांबायच्या. मरायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. त्याच पेशी जिवंत उंदरात घातल्या की भराभर फोफावायच्या. उंदरात त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळत होत्या आणि ग्रंथीत मिळत नव्हत्या, हा फोकमन यांचा निष्कर्ष. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायची तर तिला स्वतःसाठी नव्या वाहिन्या फुटवाव्याच लागतात. तेवढं रोखलं तर गाठ रोखता येईल, असं त्यांनी मांडलं. पुढची दहाबारा वर्षं बऱ्याच सहकाऱ्यांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९८९ साली नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेनेनटेक कंपनीत रक्तवाहिन्या फुटवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं करून दाखवलं आणि हसणं थांबलं.

व्हीईजीएफचा सुळसुळाट ज्या गाठींत असतो, त्यात ग्लायोब्लास्टोमा वरच्या क्रमांकावर आहे. प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींपैकी ही सर्वांत जास्त आढळणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखताना पॅथॉलॉजिस्ट ज्या खुणा शोधतात त्यांतली एक म्हणजे अवास्तव फुगलेल्या, गुच्छागुच्छाने वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या. आता इतक्या वाहिन्या म्हणजे गाठीला भरपूर रक्त मिळत असणार, असं वाटेल. तसं होत नाही. एखाद्या शहराच्या कडेला अनधिकृत वस्ती उभी राहावी आणि ज्याला जमेल त्याने मुख्य जलवाहिनीला भोक पाडून आपला पाइप जोडावा, तशी ही व्यवस्था असते. पाइप मोजायला गेलं तर शेकडो निघतात, पण कुठे जोड गळतोय, कुठे पाइप भिंतीला टेकून संपलाय, कुठे नुसतं पाणी साचलंय. दाब कुठेच धड नाही. गाठीच्या आतला बराच भाग रक्ताच्या गराड्यातही प्राणवायूवाचून असतो. अशा भागात किरणोत्सर्गाचा उपचार नीट लागू पडत नाही आणि औषधही पोहोचत नाही.

हे जिवंत माणसात मोजायचं तर एमआरआय यंत्राला थोडी घाई करायला लावावी लागते.

‘डाय टाकून एमआरआय’ आता पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे. ती डाय म्हणजे गॅडोलिनियम या धातूचं संयुग. नेहमीच्या तपासणीत ती शिरेतून दिली जाते, काही मिनिटं जाऊ दिली जातात आणि मग प्रतिमा घेतल्या जातात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की डाय बाहेर पडू शकत नाही. यालाच ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. गाठीच्या भिंती गळक्या. तिथे डाय झिरपून साचते आणि फिल्मवर तो भाग पांढरा लख्ख चमकतो. रिपोर्टमध्ये ‘एन्हान्समेंट’ लिहिलेलं असतं ते हेच. चमक म्हणजे गळती; रक्त किती आहे याचा तो पुरावा नव्हे. पुढे आलेल्या बऱ्याच गोंधळांचं मूळ या एका फरकात आहे.

परफ्युजन स्कॅनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा मोजणाऱ्या तपासणीत, डाय झिरपायला वेळच दिला जात नाही. रुग्णाच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या चांगल्या शिरेत जरा जाड सुई लावलेली असते. नळी स्कॅनरबाहेरच्या इंजेक्टर यंत्राला जोडलेली. आधी काही सेकंद नुसत्या प्रतिमा घेतल्या जातात, साधारण दर सव्वा-दीड सेकंदाला संपूर्ण मेंदूची एक, आणि हे सगळं रुग्णाच्या कानात ठक-ठक-ठक असं एकसुरी वाजत राहतं. मग कंट्रोल रूममधून बटण दाबलं जातं आणि सेकंदाला तीन ते पाच मिलिलिटर वेगाने डाय आत जाते, तिच्या पाठोपाठ सलाइन. रुग्णाला हातातून काहीतरी गार सरकल्याचं जाणवतं. डायचा हा लोट हृदय, फुप्फुसं, परत हृदय असा फिरून मेंदूत पोहोचतो तेव्हा गॅडोलिनियममुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होतं आणि तिथून येणारा सिग्नल खाली कोसळतो. लोट पुढे गेला की सिग्नल वर येतो. मॉनिटरवर प्रत्येक ठिपक्यासाठी एक आलेख उमटतो: सपाट रेघ, मग खोल खड्डा, मग चढ.

तो खड्डा जितका मोठा, तितकं त्या जागी रक्त जास्त. डाव्या बाजूला गाठ असेल तर उजव्या बाजूच्या निरोगी पांढऱ्या भागाशी (व्हाइट मॅटरशी) तुलना करून किती पट ते सांगायचं. हा आकडा म्हणजे रिलेटिव्ह सेरेब्रल ब्लड व्हॉल्यूम, रेडिओलॉजिस्टांच्या तोंडी आरसीबीव्ही. त्यावरून संगणक रंगीत नकाशा बनवतो, निळा म्हणजे कमी आणि लाल म्हणजे जास्त. १९९१ साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जॉन बेलिव्हो यांनी याच तंत्राने, माणूस प्रकाशाच्या झगमगाटाकडे पाहत असताना मेंदूच्या मागच्या भागात रक्त वाढतं हे ‘सायन्स’मध्ये नकाशा काढून दाखवलं. वॉल्टरच्या डोक्यातल्या आवाजाला चित्र मिळालं म्हणायला हरकत नाही.

गाठींच्या बाबतीत पहिले निष्कर्ष सरळ होते आणि म्हणूनच भुरळ घालणारे होते. मेंग लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्या कुळातला त्या गाठींच्या, १६० रुग्णांच्या स्कॅनवरून आरसीबीव्हीची १.७५ ही रेषा सुचवली. तिच्यावरच्या गाठी बहुधा वरच्या, म्हणजे जास्त घातक श्रेणीच्या निघत. २००८ साली त्यांनी ‘रेडिओलॉजी’मध्ये १८९ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या गाठीचा आकडा १.७५ पेक्षा कमी होता त्यांची गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ ३,५८५ दिवस, म्हणजे दहा वर्षांच्या जवळपास. ज्यांचा आकडा त्यापेक्षा जास्त, त्यांचा २६५ दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच श्रेणीत बसवलेल्या गाठींतही ही तफावत दिसत होती. बायोप्सीचा तुकडा गाठीच्या एका कोपऱ्यातला असतो. स्कॅन सबंध गाठ पाहतो. त्यामुळे सुई नेमकी कुठे घालायची हे ठरवण्यासाठीही नकाशातला लाल ठिपका कामाला येऊ लागला.

पण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाच्या गाठीने या सरळ हिशेबाला छेद दिला. तिच्यात मुळातच जाळीदार बारीक वाहिन्यांची रेलचेल असते. ती खालच्या श्रेणीची, तुलनेने सौम्य असली तरी नकाशावर लालबुंद दिसू शकते. नवख्या डॉक्टरने केवळ रंग पाहून रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी दिली, असं होण्याचा धोका तिथे खरा असतो. कालांतराने आणखी एक उलगडा झाला. ज्या ग्लायोमांमध्ये आयडीएच या जनुकात बदल झालेला असतो त्या गाठी हळू वाढतात, हे एव्हाना कळलं होतं. हायडेलबर्गच्या फिलिप किकिंगेरेडर यांच्या गटाने २०१५मध्ये दाखवलं, की अशा गाठींत नव्या वाहिन्या फुटवणाऱ्या जनुकांची हालचालच मंद असते आणि म्हणून त्यांचा आरसीबीव्ही कमी येतो. रक्ताचा आकडा जनुकांची सावली होता तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठींचं नाव ठरवायला जनुकांची तपासणी अनिवार्यच झाली आहे. त्यामुळे निदानाचा मुकुट परफ्युजनच्या डोक्यावरून उतरला. त्याचं खरं काम उपचार सुरू झाल्यानंतरचं.

ग्लायोब्लास्टोमाच्या उपचारांची आजची चौकट २००५ साली ठरली. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, किरणोत्सर्गासोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या दिल्या तर मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर जातं असं आढळलं. अडीच महिन्यांची भर. परक्याला ती क्षुल्लक वाटेल. या क्षेत्रात ती मोठी घटना होती, आणि दोन वर्षांनंतरही हयात असलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं. उपचार जगभर रूढ झाला आणि त्यासोबत एक कोडं आलं. किरणोत्सर्ग संपल्यावर महिन्याभराने काढलेल्या एमआरआयमध्ये बऱ्याच जणांची गाठ वाढलेली दिसायची. चमक वाढली, सूज वाढली. डॉक्टर म्हणायचे औषध लागू पडलं नाही, बदलू या. पण काही रुग्णांच्या बाबतीत उपचार तसाच चालू ठेवला तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती ‘वाढ’ आपोआप ओसरायची.

याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. उपचाराने गाठीच्या पेशी मरतात, आसपासच्या वाहिन्या जखमी होतात, भिंती गळू लागतात आणि डाय झिरपते. चमक दिसते ती विजयाची असू शकते किंवा पराभवाची; फिल्मवर दोन्ही हुबेहूब सारख्या. दर चार-पाच रुग्णांत एकाला हे होतं असं मानलं जातं. घोळ इतका वाढला की २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने रॅनो नावाचे निकष काढून नियमच केला: किरणोत्सर्गानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, किरणांच्या क्षेत्राबाहेर नवी गाठ दिसल्याशिवाय किंवा तुकडा काढून खात्री केल्याशिवाय गाठ वाढली असं जाहीर करायचं नाही.

परफ्युजनला इथे खरी किंमत येते. चमकणाऱ्या भागात रक्ताचा साठा कमी असेल तर ती बहुधा उपचाराची जखम. जास्त असेल तर जिवंत, वाहिन्या फुटवणारी गाठ. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पुष्कळ रुग्णांत दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी नांदत असतात आणि एकाच गाठीच्या नकाशात निळा-लाल असा मिश्र मामला दिसतो. अशा वेळी अनुभवी रेडिओलॉजिस्ट रिपोर्टात ठाम विधान टाळतो आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणीचा सल्ला देतो. घरच्यांना ती टाळाटाळ वाटते. वस्तुतः तो त्यातला सर्वांत प्रामाणिक रिपोर्ट असतो.

आता याच्या नेमकी उलटी गोष्ट. व्हीईजीएफला पकडून निकामी करणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध फोकमन यांच्या कल्पनेचं पहिलं मोठं फळ. अमेरिकेच्या एफडीएने ते २००४मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर केलं आणि मे २००९मध्ये, पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी तातडीची मंजुरी दिली. त्या मंजुरीचा आधार मुख्यतः स्कॅन होते. गाठी दिसेनाशा होत होत्या, तेही काही दिवसांत. रुग्णांची स्टेरॉइड कमी करता येत होती, सूज उतरत होती. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी मात्र हाच पुरावा पाहून नकार दिला. चित्र सुधारलं म्हणून माणूस जास्त जगतो हे कशावरून, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

फेब्रुवारी २०१४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या एकाच अंकात दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. दोन्ही नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरच्या. एव्हाग्लायो या चाचणीत गाठ वाढेपर्यंतचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांवर गेला होता. एकूण आयुर्मान? औषध घेतलेल्यांचं १६.८ महिने आणि न घेतलेल्यांचं १६.७. दुसऱ्या, आरटीओजी ०८२५ या अमेरिकी चाचणीतही आयुष्य वाढलं नाही. एका चाचणीत औषधामुळे रुग्णांचं दैनंदिन जगणं काही काळ बरं राहिलं, तर दुसरीत विचारशक्तीवर विपरीत परिणाम दिसला. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. चित्रं का फसवत होती हे मात्र उघड झालं. बेव्हॅसिझुमॅब गळती बुजवतं. गळती बुजली की डाय झिरपत नाही, चमक जाते आणि गाठ गेल्यासारखी वाटते. पेशी तिथेच असतात, कधीकधी निरोगी वाहिन्यांच्या कडेने मेंदूत आणखी दूर पसरत असतात. याला स्यूडोरिस्पॉन्स असं नाव पडलं. गळती बुजवण्याचा हाच गुण दुसऱ्या ठिकाणी मात्र कामाला आला. किरणोत्सर्गामुळे मेंदूचा भाग सडून सूज येते त्यावर ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात अवघ्या १४ रुग्णांवर चाचणी झाली. २०११च्या निकालात औषध मिळालेल्या प्रत्येकाची सूज उतरली होती आणि नुसतं सलाइन मिळालेल्यांपैकी एकाचीही नाही.

मग फोकमन यांचं चुकलं कुठे? एक उत्तर सुचवणारा माणूस त्याच बोस्टनमध्ये होता. राकेश जैन हे आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर. १९७२ साली तिथून बाहेर पडून अमेरिकेत गेले आणि पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात गाठींमधल्या प्रवाहांचा अभ्यास करत राहिले. इंजिनिअरच असल्यामुळे असेल, त्यांनी गाठीकडे गळक्या नळव्यवस्थेच्या नजरेने पाहिलं. २००१ साली त्यांनी मांडलं, की व्हीईजीएफविरोधी औषधं योग्य मात्रेत दिली तर गाठीच्या वाहिन्या मरण्याआधी काही काळ सुधारतात. फाजील फांद्या झडतात, भिंती सांधल्या जातात आणि उरलेल्या वाहिन्यांतून रक्त नीट वाहू लागतं. म्हणजे गाठीला उपाशी मारण्याऐवजी तिला थोडा काळ धड रक्त मिळू द्यायचं आणि त्याच खिडकीत प्राणवायू, किरण आणि औषध आत शिरवायचं. शत्रूची रसद तोडायची नाही, सुधारायची! ऐकायला हे उफराटंच वाटत होतं.

हे माणसात घडतं का, हे पाहायला परफ्युजन एमआरआयशिवाय दुसरा मार्ग नव्हता. २००७ साली ट्रेसी बॅचेलर, ग्रेगरी सोरेन्सेन आणि जैन यांच्या गटाने उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या १६ रुग्णांना सेडिरानिब ही गोळी देऊन त्यांचे वारंवार स्कॅन केले. पहिल्या गोळीनंतर एका दिवसातच वाहिन्या अरुंद होऊ लागल्या आणि गळती घटली. हा परिणाम किमान २८ दिवस टिकला. औषध थांबवलं की वाहिन्या पुन्हा बिघडत, सुरू केलं की पुन्हा सुधारत. २०१२मध्ये त्यांनी ३० रुग्णांची माहिती तपासली तेव्हा त्यांतल्या सात जणांच्या गाठीत औषधानंतर रक्तप्रवाह वाढला होता, आणि तेच बाकीच्यांपेक्षा जास्त जगले. पुढच्या वर्षी नव्या निदानाच्या ४० रुग्णांत साधारण निम्म्यांच्या गाठीत प्रवाह वाढला. त्यांच्या गाठींना प्राणवायूही जास्त मिळाला आणि आयुष्यही.

म्हणजे उपचाराआधी गाठीत रक्त जास्त असेल तर वाईट, आणि या उपचारानंतर प्रवाह वाढला तर चांगलं. त्यात २०१५ साली कॅथलीन श्माइंडा यांच्या बहुकेंद्री अभ्यासाने आणखी भर घातली: बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्या ३७ रुग्णांत, दोन आठवड्यांनी ज्यांचा रक्तसाठा घटला ते जास्त जगले. वाचणाऱ्याचं डोकं गरगरावं असा हा प्रकार. पण साठा आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घेतलं की बरीचशी विसंगती विरघळते. फुगलेल्या वाहिन्यांत रक्त तुंबलेलं असताना साठा मोठा आणि प्रवाह कमजोर असू शकतो. वाहिन्या सडपातळ झाल्या की साठा घटतो आणि प्रवाह सुधारतो. एकाच गाठीत एकाच दिवशी दोन्ही घडू शकतं. आकडा कोणता, कुठल्या औषधानंतरचा आणि कितव्या दिवशीचा, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावणं व्यर्थ आहे.

सेडिरानिबचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ३२५ रुग्णांवर रीगल नावाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि २०१३ साली तिचा निकाल नकारार्थी आला. सरसकट सगळ्यांना गोळी दिली तर फायदा दिसला नाही. ज्यांच्या गाठीतला प्रवाह वाढतो अशा रुग्णांनाच निवडून द्यावी तर ते कोण हे गोळी देण्याआधी सांगता येत नाही. शिवाय ज्यांचा प्रवाह वाढला ते गोळीमुळे जास्त जगले, की ज्यांच्या गाठी मुळातच नरम होत्या त्यांचाच प्रवाह वाढला, हे सात आणि वीस रुग्णांच्या गटांवरून ठरवणं अवघड. जैन यांची कल्पना त्यामुळे बाद झाली नाही. २०१६मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक देण्यात आलं आणि कर्करोगाच्या इतर प्रकारांत तिच्यावर काम चालू आहे. ग्लायोब्लास्टोमाने मात्र तिला अजून दाद दिलेली नाही.

स्कॅनमध्येही अडचणी कमी नाहीत. शस्त्रक्रियेच्या जागी साकळलेलं रक्त, कॅल्शियमचे खडे, धातूची क्लिप, नाकामागच्या पोकळीतली हवा, यांपैकी काहीही जवळ असलं की सिग्नल बिघडतो आणि नकाशात भोक पडतं. गळती जोराची असेल तर डाय वाहिनीत राहतच नाही आणि आकडा खोटा येतो. म्हणून बरेच दिवस डायचा एक लहान डोस आधी देऊन मग मोजणी करायची पद्धत होती. मूत्रपिंडं निकामी असलेल्यांना काही प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा आणि अवयव घट्ट करणारा एक दुर्मीळ आजार होतो, हे २००६मध्ये लक्षात आलं आणि तेव्हापासून डाय देण्याआधी मूत्रपिंडाचं काम पाहण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासणं अंगवळणी पडलं. डाय अजिबात न वापरता, मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकाने खूण करून त्याचा प्रवाह मोजणारं एएसएल हे तंत्र १९९२पासून विकसित होत गेलं. लहान मुलांसाठी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते सोयीचं. त्याची प्रतिमा थोडी भरड येते, एवढंच.

सर्वांत मोठी अडचण मात्र मोजपट्टीची. १.७५ ही रेषा एका गटाच्या यंत्रावरची, एका पद्धतीची. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरने, तोच रुग्ण तपासला तर आकडा वेगळा येऊ शकतो. २०२० साली अमेरिकेतल्या मेंदुकर्करोग तज्ज्ञांनी ‘न्यूरो-ऑन्कोलॉजी’मध्ये एकमताने एक प्रमाणित पद्धत सुचवली: डायचा डोस किती, प्रतिमा किती वेगाने घ्यायच्या, गळतीची दुरुस्ती कशी करायची. आधीचा डोस न देता एकाच डोसमध्ये भागवायचा पर्यायही त्यात आहे. ती जगभर अंगवळणी पडायला वेळ लागेल.

आपल्याकडे याचा संबंध अगदी रोजच्या व्यवहाराशी येतो. नांदेड, जळगाव किंवा रत्नागिरीकडचा रुग्ण पहिला स्कॅन गावाजवळच्या सेंटरवर काढतो, शस्त्रक्रिया पुण्याला होते आणि पुढच्या सल्ल्यासाठी तो परळच्या टाटा मेमोरिअलला किंवा त्याच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्राला पोहोचतो. पिशवीत तीन ठिकाणच्या फिल्मचे लिफाफे असतात. दोन स्कॅनमधला आरसीबीव्ही खरंच वाढला की नुसतं यंत्र बदललं, हे त्या फिल्मवरून कुणालाच सांगता येत नाही, कारण फिल्मवर असतो तो रंगवून झालेला नकाशा. सेंटरकडून सीडी मागून घेतली आणि तिच्यावर परफ्युजनच्या सगळ्या मूळ प्रतिमा असल्या, त्या शेकडोंच्या, कधी हजारांच्या घरात असतात, तर तिथला रेडिओलॉजिस्ट दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरमध्ये घालून, गाठीचा तोच भाग आणि पलीकडचा तोच पांढरा भाग निवडून, निदान हिशेबाची पद्धत तरी एक ठेवून नव्याने आकडे काढू शकतो. काही सेंटर फक्त ‘महत्त्वाच्या’ प्रतिमा सीडीवर घालून देतात. त्यात परफ्युजनची मूळ मालिका बहुतेकदा वगळलेली असते, म्हणून ती नाव घेऊन मागावी लागते.